शेजाऱ्याचा कुत्रा, माझी हळद

ठाकुर्लीतल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे अठरा फूट बाय अकरा फूट मोकळी जागा आहे. बिल्डरच्या नकाशात ती एकोणीस बाय बारा होती, पण टेप लावून मोजली तेव्हा अठरा बाय अकराच भरली. तिथे कढीपत्ता आहे, दोन केळी आहेत, अळू आहे आणि सहा बाय चारचा एक वाफा हळदीचा आहे. हळद मसाल्यासाठी नाही, पानांसाठी. आम्ही मूळचे राजापूरकडचे. नागपंचमीला पातोळ्या आणि गणपतीला मोदक, दोन्ही हळदीच्या पानाशिवाय आमच्याकडे होत नाहीत. आमच्या गल्लीत आणखी पाच घरं कोकणातली आहेत, तीही पानं माझ्याकडूनच नेतात.

त्या वर्षी मेअखेरीस मी छत्तीस गड्डे लावले. बागेची मी एक डायरी ठेवतो. काय लावलं, कधी पाणी दिलं, कधी खत घातलं, सगळं तारखेसकट. नोकरी कोलशेतला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये, त्यामुळे नोंद ठेवल्याशिवाय वस्तू खरी वाटत नाही, ही सवय लागलेली आहे.

लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी मागचं दार उघडलं तर वाफा उकरलेला. नऊ गड्डे बाहेर पडलेले, कोंब मोडलेले आणि मातीत पंजांचे ठसे. ठसे उजवीकडच्या भिंतीकडे गेलेले होते. ही भिंत आमची आणि उजवीकडच्या शेजाऱ्याची सामायिक आहे, उंची तीन फूट चार इंच. पलीकडे त्याचा कुत्रा असतो. हा कुत्रा लॅब्रेडॉर म्हणून आणलेला, पण मोठा होता होता त्याचा एक कान उभा राहिला आणि एक पडला, आणि शेपूट गावठी कुत्र्यासारखी वर वळली. नाव त्याला फार लाडाचं ठेवलेलं आहे. माझ्या डायरीत तो ‘कु.’ एवढाच आहे.

मी ते नऊ गड्डे वर्तमानपत्रात घेतले आणि शेजारी गेलो. शेजारी झोपाळ्यावर मोबाइल बघत बसला होता. तो मला काका म्हणतो. माझ्यापेक्षा तो फक्त चार वर्षांनी लहान आहे, हे मला मतदार यादीवरून माहीत आहे.

“तुमच्या कुत्र्याने हे केलंय,” मी कागद पुढे धरला.

“काय आहे? आलं?”

“हळद.”

“अरे बापरे,” तो म्हणाला, पण उठला नाही. “काका, कुत्रा आहे तो. त्याला हळद काय आणि गवत काय!”

“त्याला कळत नाही, कबूल. तुम्हाला कळतं.”

“मग काय करू, शाळेत घालू त्याला?” आणि तो हसला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, “पानंच हवीत ना तुम्हाला? गणपतीत डोंबिवलीच्या मार्केटात ढीग लागलेले असतात. मी आणून देतो, चालेल?”

मी कागद गुंडाळून परत आलो. त्या माणसाने झोपाळ्यावरून उठून ‘चुकलं’ एवढा एक शब्द म्हटला असता, तर मी नऊ गड्डे विसरलो असतो आणि पुढचं काहीच झालं नसतं. मला पानं आणून नको होती. मला तो शब्द हवा होता. घरी येऊन मी बायकोला तेच सांगितलं.

“एवढंच ना? म्हणेल कधीतरी,” ती म्हणाली.

“मी म्हणायला लावीन.”

आता खरं सांगायचं तर राग नऊ गड्ड्यांएवढाच नव्हता. त्यांचं घर शुद्ध शाकाहारी आहे. चातुर्मासात कांदा-लसूणही बंद असतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्याकडे रविवारी बांगडे तव्यावर पडले की त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होते, आणि नुसती बंद होत नाही, आपटते. अकरा वर्षं मी तो आवाज ऐकतोय. आम्ही कधी काही बोललो नाही. त्यांचा कुत्रासुद्धा दहीभातावर वाढलेला. शेजाऱ्याची आई त्याला रोज दुपारी ताटलीत दहीभात कालवून द्यायची, आणि हे ती माझ्या बायकोला भिंतीवरून अभिमानाने सांगायची.

कुत्रा नंतरही आला. दुसऱ्यांदा चार गड्डे, तिसऱ्यांदा सहा, मग दोन, मग तीन. मी भिंतीवर दोन फूट जाळी लावायची परवानगी मागितली. शेजारी म्हणाला, “नको काका, आई तिथूनच बोलते ना काकूंशी. जेलसारखं वाटेल तिला.” मी वाफ्याभोवती काटक्या रोवल्या, कुत्र्याने त्या चावून ठेवल्या. उपटलेल्यांपैकी धड दिसणारे दहा गड्डे मी परत लावले, त्यातले चार जगले. छत्तीसातून चोवीस गेले, चार परत आले, राहिले सोळा. नागपंचमीला पानं मिळाली अकरा, तीही वीतभर. पाच घरांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. एका वहिनींनी दारातच विचारलं, “यंदा विकलीत की काय?” त्या गमतीने म्हणाल्या असतील, पण ती गंमतही मी शेजाऱ्याच्या नावावर टाकली.

मग मी आमच्या रो-हाऊसच्या असोसिएशनकडे लेखी तक्रार करायचं ठरवलं. तक्रार अशी हवी होती की शेजाऱ्याला सभेत सगळ्यांसमोर उभं राहून तो शब्द म्हणावाच लागेल. रविवारी दुपारी मी कॉम्प्युटरवर बसलो आणि बायकोला डायरी घेऊन बाजूला बसवलं.

“लावणीपासून वाच. मधलं काही गाळू नकोस.”

“सगळंच वाचू? पाणी-बिणी?”

“सगळं. गाळलं की संशय येतो.”

ती वाचायला लागली आणि मी त्यातल्या कुत्र्याच्या तारखा टाइप करायला लागलो. “रविवार, खत घातलं. सोमवार, कु. आला, नऊ गड्डे. बुधवार, पाणी...” पुढचं पान. “रविवार, खत घातलं. मंगळवार, कु. आला, चार गड्डे.” पुढचं पान. “रविवार, वर्तकनगरला ताईकडे गेलो, खत राहिलं.” मग दोन पानं नुसतंच पाणी. मग, “रविवार, खत घातलं. सोमवार, कु...” इथे ती थांबली.

“थांबलीस का?”

“अहो, तुम्ही खत कसलं घालता?”

प्रश्न ऐकताक्षणीच मला कळलं. कोलशेतला आमच्या कारखान्याच्या गेटसमोर खाडीवरच्या गावातली एक मावशी सुकी मासळी घेऊन बसते. पाटीच्या तळाशी उरलेला जवळ्याचा आणि बोंबलाचा चुरा ती मला पिशवीत भरून देते. केळीला आणि हळदीला यासारखं दुसरं खत नाही. पहिल्यांदा देताना ती म्हणाली होती, “नीट पुरून टाक रे, नाय तं मांजरी येतील.” आमच्या गल्लीत एकही मांजर नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. चुरा निंबोळी पेंडीत मिसळून चार इंच खाली पुरत होतो. आणि पलीकडे जन्मभर दहीभात खाल्लेला कुत्रा होता.

मी डायरी ओढून घेतली आणि स्वतः तपासली. पाच वेळा खत, पाच वेळा कुत्रा, आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांच्या आत. खत घातलं नाही त्या आठवड्यात एकदाही नाही.

बायको हसून हसून पलंगावर आडवी झाली. “तुम्हीच जेवायला बोलावताय त्याला! आणि वर तक्रार!”

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“नाही, काही नाही. बरं झालं सभेच्या आधी कळलं. ते लिहिलेलं पुसा आता.”

मी पुसलं. पण राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो दाखवायला जागा राहिली नव्हती. कुत्र्याची चूक नव्हती, हे मी मान्य केलं. पण झोपाळ्यावर बसून तो माणूस हसला, तेव्हा खताचं त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. त्या दिवसापुरता तो दोषीच होता. मी असा विचार केला आणि मला तो पूर्णपणे बरोबर वाटला.

खत बंद केलं आणि कुत्रा यायचा थांबला. पंधरा दिवसांनी शेजारी भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला. “बघा काका, आता येतो का तुमच्याकडे? ट्रेनिंग दिलं मी त्याला. यूट्यूबवर बघून. तुम्ही उगाच टेन्शन घेतलेलं.”

मी कढीपत्त्याच्या फांद्या छाटत राहिलो.

“बाय द वे, तुमचा कढीपत्ता एवढा माजतो कसा हो? मी आईच्या पंचाहत्तरीसाठी लॉन टाकलंय, बघा ना, पिवळं पडत चाललंय. काय घालता तुम्ही?”

मी द्यायला गेलो नव्हतो. त्याने मागितलं. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आज लिहितानाही पहिल्यांदा तेच आठवतं.

“खत आहे माझ्याकडे,” मी म्हणालो. “चांगलं आहे. देतो.”

त्याच संध्याकाळी मी दोन किलो भरून दिलं. एक भाग चुरा, दोन भाग पेंड. त्याने पिशवीत नाक घातलं. “वास जरा स्ट्राँग आहे.”

“खत आहे. मातीत गेलं की जातो.”

“ऑर्गॅनिक ना?”

“हो.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तो श्रावण होता. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन वरच्या गॅलरीत खुर्ची टाकली. वर्तमानपत्र हातात धरलं होतं, वाचत नव्हतो. सात वाजायला आले असताना कुत्रा बाहेर आला. त्याने लॉनच्या कडेने एक फेरी मारली, मग नाक जमिनीला लावलं आणि शेपटीला जो वेग आला, तो बघून माझा चहा गोड झाला. पुढच्या दोन्ही पंजांनी त्याने माती अशी उडवली की गवताचे चौकोन मुळासकट उलटे झाले. मी मोजत होतो. सात खड्डे झाल्यावर शेजारी बनियनवर धावत बाहेर आला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उभा राहिला. मी खुर्ची जरा मागे घेतली, म्हणजे मी दिसणार नाही आणि मला दिसेल. असा आनंद मला पगारवाढ झाल्यावरही झाला नव्हता. खोटं कशाला लिहू?

चार दिवसांनी तो पुन्हा भिंतीपाशी आला. “काका, त्या खताने बाकीचं गवत काय हिरवं झालंय! ह्या मूर्खाने उकरलंय तिथे परत लावलंय मी. अजून थोडं मिळेल?”

मी अजून एक किलो दिलं. या वेळी अकरा खड्डे.

मला वाटलं होतं, आता त्याला कळेल स्वतःची बाग उकरलेली बघून कसं वाटतं, आणि तो माझ्याकडे येऊन तो शब्द म्हणेल. पण तो माझ्याकडे आला नाही. त्याने कुत्र्याला बांधलं. मागच्या नळाच्या पाइपला हातभर साखळीने. कुत्र्याला साखळीची सवय नव्हती. पहिल्या दिवशी तो भुंकला, दुसऱ्या दिवशी ओरडला, तिसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला आणि तो पाइपभोवती फिरून फिरून साखळीत अडकायला लागला. शेजाऱ्याची आई प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसायची. दहीभाताची ताटली पुढे सरकवायची. तो तोंड लावायचा नाही.

एका संध्याकाळी मी केळीला पाणी घालत होतो, तेव्हा त्या मला म्हणाल्या, “तुम्हाला फार त्रास झाला ना याचा?”

“आता नाही होत,” मी म्हणालो.

“मी तेव्हाच सांगितलं होतं मुलाला, जाऊन हात जोड म्हणून. तो तसा वाईट नाही हो. जरा फटकळ आहे.” मग कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, “आमचे हे गेले त्याच्या पुढच्या महिन्यात याला आणलं. घरात कोणीतरी पायात घुटमळायला हवं म्हणून. परवा मुरबाडला पाठवतोय म्हणे. ओळखीच्यांचं शेत आहे. तिथे मोकळं राहील म्हणतो.”

मी नळ बंद केला आणि आत आलो. बायको ओट्यापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. शेजाऱ्याला खत दिल्याचं मी तिला सांगितलं नव्हतं, पण गॅलरीत खुर्ची टाकून बसणारा मी नाही, हे तिला माहीत होतं.

“किती दिलंत?” तिने विचारलं.

“तीन किलो.”

“मग आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका.”

मी त्या दिवशी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, शेजारीच भिंत ओलांडून आमच्या मागच्या दारात आला. दाढी वाढलेली होती. मी या म्हटलं तरी तो आत आला नाही.

“काका, एक बोलायचंय. माझ्या लॉनचं झालं तेव्हा मला समजलं, तुम्हाला कसं वाटलं असेल. तुम्ही तो कागद घेऊन आलेलात आणि मी हसलो. चुकलं माझं. उद्या पाठवतोय त्याला, आता कोणालाच त्रास नाही.”

तो शब्द मी जवळजवळ तीन महिने मागत होतो. तो माझ्या दारात, सकाळच्या उजेडात, न हसता म्हटला गेला होता. मी फक्त ‘असू दे’ म्हणायचं होतं, आणि तो खाली मान घालून निघून गेला असता. पण हा शब्द माझ्या खतामुळे आलेला होता. कोलशेतच्या गोदामात मी आयुष्यभर चुकीच्या पावतीवर आलेला माल उतरवून घेतलेला नाही. मी आत गेलो, डायरी आणली आणि त्याच्यासमोर उघडली.

“हे वाचा. खत आणि कुत्रा. तारखा बघा.”

त्याने वाचलं. दोन वेळा वाचलं. “म्हणजे?”

“खतामुळे येत होता तो. तेच खत तुम्हाला दिलं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझ्याकडे येत होता तेव्हा नाही. तुम्हाला दिलं तेव्हा, हो.”

“आहे काय त्यात?”

“सुकी मासळी. जवळा आणि बोंबील.”

त्याने डायरी मिटून माझ्या हातात दिली. “आमच्या अंगणात? श्रावणात? काका, आई रोज सकाळी अनवाणी चालते त्या लॉनवर. डॉक्टरने सांगितलंय म्हणून. तिथून तशीच देवघरात जाते.”

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर दिलं नसतं, असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी तशी खात्री नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून त्याच्या आईचा आवाज आला. त्या अंगणातच बसलेल्या होत्या आणि आमचं सगळं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. “अरे, म्हणजे याचा काही दोष नाही ना? मग आधी सोड त्याला! श्रावणाचं नंतर बघू. मी पाय धुऊन घेईन.”

“आई, तू गप्प बस जरा.”

“मी गप्प बसते, तू साखळी काढ.”

तो गेला. साखळी जमिनीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. नंतर कुत्र्याचे पंजे फरशीवर पळाले, आणि त्या म्हातारीचं “हो हो, अरे हो, पाडशील मला” ऐकू आलं. मला वाटलं, संपलं. पण तो परत आला आणि माझ्या दारात, पहिल्याच जागी उभा राहिला.

“मी मघाशी जे म्हणालो ना,” तो म्हणाला, “ते परत घेतो.”

“घ्या.”

“आणि आता तुम्ही म्हणा.”

“काय?”

“तेच. चुकलं.”

बायको माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या पाठीत बोट खुपसलं. मला कळत होतं, आता माझी पाळी आहे. त्याच्या आईच्या पायांसाठी, त्या कुत्र्याच्या बसलेल्या आवाजासाठी, सभ्य माणूस म्हणून मी म्हणायला हवं होतं. पण झोपाळ्यावरचं ते हसणंही तसंच उरलं होतं, कारण त्याचा शब्द तो आत्ताच परत घेऊन बसला होता.

“मी काय झालं ते सांगितलंय,” मी म्हणालो. “माफी मागितलेली नाही.”

तो हसला नाही. मान हलवून निघून गेला. त्याच्या आईची मात्र मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन, पायांना हात लावून माफी मागितली. तो झोपाळ्यावरच बसलेला होता. माझी माफी आईपुरती आहे, हे त्याला कळावं म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानेही मला बसा म्हटलं नाही.

याला आता दोन वर्षं झाली. लॉन काढून त्यांनी फरशी घातली. कुत्रा आहे. आम्ही दोघं टाकीच्या पाण्याबद्दल बोलतो, असोसिएशनच्या सभेत एकमेकांच्या बाजूने मतही देतो. काका म्हणायचं त्याने सोडलं. आता नुसतं ‘अहो’ म्हणतो. दोघांपैकी एकाने आधी म्हटलं तर दुसरा लगेच म्हणेल, असं बायको सांगते. तिचं बरोबर असेल. मी आधी म्हणणार नाही.